खुर्ची, मगर, सरडा : आता पुरे

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या ठाणे-नवी मुंबई पुरवणीत वाचकांची राजकीय व्यंगचित्रे छापली जातात. हा उपक्रम चालू राहावा, म्हणूनच हे पत्र. आतापर्यंतची चित्रे शेजारी शेजारी ठेवून पाहिली तर बहुतेकांचा हात बसलेला दिसतो. चेहरे ओळखू येतात, रेषेत दम आहे. अडते ते कल्पनेपाशी. कोणी पक्ष बदलला की वॉशिंग मशीन नाहीतर सरडा, सत्तेचा विषय निघाला की खुर्ची, नेत्याने हळहळ व्यक्त केली की मगर, घोटाळा म्हटला की गिधाडे, आणि अगदीच काही हाती लागले नाही तर कोपऱ्यात पदराने डोळे पुसणारी लोकशाही. ही चित्रे एके काळी बोचली असतील. आता वाचक त्यांच्याकडे बघतही नाही, पान उलटतो.

कल्पना सुचावी लागते, ती देवाघरची देणगी आहे, असा एक समज आहे. रोजच्या वर्तमानपत्रात त्या देणगीची वाट पाहत बसायला कोणाला सवड नसते. बातमीतून कल्पना खणून काढावी लागते आणि खणायची रीत शिकता येते. ती इथे मांडतो, म्हणजे पाठवणाऱ्यांना उपयोग होईल आणि निवडणाऱ्यांनाही.

सुरुवात वाचनापासून. मथळ्यावरून चित्र काढू नये. मथळा सगळ्या गावाने वाचलेला असतो, त्यामुळे मथळ्यावरून सुचणारी गंमतही सगळ्या गावाला सुचलेली असते. बातमी पूर्ण वाचावी, तीही निदान दोन वर्तमानपत्रांत. आकडे, तारखा, कोण काय बोलले आणि कोण काय बोलायचे टाळले, हे कागदावर टिपावे. मराठी राजकीय बातमीतला खरा ऐवज पुष्कळदा शेवटच्या परिच्छेदात, ‘दरम्यान’च्या पुढे दडलेला असतो. मग ती बातमी दहा-बारा शब्दांच्या एका वाक्यात लिहावी आणि त्याखाली ‘पण’ने सुरू होणारे दुसरे वाक्य लिहावे. दुसरे वाक्य लिहिता आले नाही, तर त्या बातमीवर व्यंगचित्र होत नाही. बातमीचे सचित्र वर्णन होते. पुष्कळ वाचकांची चित्रे इथेच गारद होतात. खड्डा पडला, म्हणून खड्डा काढला. त्यात ‘पण’ कुठे आहे?

दर मे अखेरीस येणारी नालेसफाईची बातमी घेऊ. पहिले वाक्य : पालिका म्हणते, नालेसफाई नव्वद टक्के झाली. दुसरे : पण गाळ काढून नाल्याच्या काठावरच रचून ठेवला आहे. आता कल्पना लिहायला घ्याव्यात. चित्र नाही, नुसत्या ओळी. पहिली येईल ती रस्त्यात होडी चालवणाऱ्या नागरिकाची. दुसरी, कार्यालयात टेबलावर पाय वर घेऊन बसलेल्या अधिकाऱ्याची. तिसरी, माणूस गिळणाऱ्या गटाराची. या तिन्हींवर काट मारावी. पहिल्या तीन कल्पना आपल्या नसतात, त्या आपण आजवर पाहिलेल्या चित्रांच्या असतात. दुपारपर्यंत त्याच मोबाइलवर फिरताना दिसतील.

चौथी येते : तोच ट्रक तोच गाळ घेऊन नाला, वजनकाटा आणि पुन्हा नाला असा गोल फिरतो आहे. चित्र म्हणून झकास, पण जरा थांबावे. यात ठेकेदार खोटी बिले लावतो असा थेट आरोप आहे. बातमीत तशी तक्रार किंवा चौकशी आली असेल तर हे चित्र चालेल, नसेल तर नाही. बातमीत जे नाही ते चित्रात घालायची मुभा व्यंगचित्रकाराला नसते. फुगवायची मुभा असते, रचायची नसते.

म्हणून आकड्याकडे वळावे. नव्वद टक्के. हा आकडा दुसरीकडे कुठे बसेल, एवढाच प्रश्न विचारायचा. बाटलीवर, थर्मामीटरवर, गुणपत्रिकेवर, मोबाइलच्या बॅटरीवर, पुलाच्या खांबावर रंगवलेल्या पाण्याच्या पातळीच्या पट्टीवर. पट्टीपाशी हात थांबतो. भिंतीवर तशी पट्टी, तिच्यावर मीटरऐवजी टक्के. पाणी बरोबर ९० च्या खुणेला टेकलेले. शेजारी गळ्यापर्यंत बुडालेला माणूस, दोन्ही हातांत वर्तमानपत्र डोक्यावर धरून ‘नालेसफाई ९० टक्के’ हा मथळा वाचतो आहे. खाली एक अक्षरही लिहायची गरज नाही. पालिकेचाच आकडा पालिकेवर उलटतो आणि नागरिक हास्यास्पद होत नाही. काढताना एक खबरदारी : पाणी काळे भरले तर ८०, ७० या खुणा बुडतात आणि ती टक्क्यांची पट्टी आहे हेच कळत नाही. पाणी पांढरे ठेवून चार आडव्या रेघांत दाखवावे, आणि १०० ची खूण माणसाच्या डोक्यावर स्पष्ट दिसू द्यावी, म्हणजे पुढच्या पावसाची धास्तीही चित्रात येते.

आकड्याची हीच युक्ती नवी मुंबईत सोन्यासारखी चालते, कारण तिथे एक आकडा घरोघरी पाठ आहे. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरणजवळच्या जासईला झालेल्या, जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांच्या आंदोलनात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली : नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत. साडेबारा टक्के म्हणजे बरोबर एक अष्टमांश. खिडकीच्या उंचीचे आठ भाग करा, सात भागांवर पडदा ओढा. उरलेल्या फटीतून म्हातारा आगरी शेतकरी बाहेर बघतो आणि नातवाला सांगतो, ‘‘तो बघ, आपला मळा.’’ बाहेर नुसते टॉवर. ठाणे, बेलापूर, पनवेल, उरणच्या वाचकाला चित्रात नावाचे लेबल लागणार नाही.

आता फसते कुठे तेही पाहा. विमानतळ हा ताजा विषय, ८ ऑक्टोबर २०२५ ला त्याचे उद्घाटन झाले, तेव्हा हीच खिडकी विमानाची करावी असा मोह कोणालाही होईल. तशी केली तर चित्र खोटे ठरते. विमानतळाच्या प्रकल्पग्रस्तांसाठीचे पॅकेज वेगळे होते, साडेबावीस टक्क्यांचे. उलव्यातला पहिला वाचकच ही चूक दाखवेल आणि मग चित्रातला मुद्दा बाजूला पडून चर्चा त्या चुकीचीच होईल. साडेबावीस म्हणजे चौथ्या हिश्श्याहून थोडे कमी. तेवढी फट ठेवली तर ती बरीच रुंद दिसते आणि डंख उतरतो. अशा वेळी आकड्याशी खेळू नये, जागा बदलावी : विमान सोडून वाशीच्या इमारतीची खिडकी घ्यावी. शिवाय बोर्डिंग पास हातात धरून रांगेत उभा असलेला फ्लेमिंगो आता कृपा करून कोणी काढू नये. पाणथळ जागांचा प्रश्न खरा आहे, पण तो पक्षी थकला.

आकडा नसेल तेव्हा दोन याद्यांची रीत कामी येते. कागदाच्या मधोमध उभी रेघ. डावीकडे बातमीतले वीस शब्द : माणसे, वस्तू, जागा, क्रियापदे. उजवीकडे या महिन्यात घराघरांत जे चालले आहे त्याचे वीस शब्द : वारी, दहावीचा निकाल, अकरावीचे प्रवेश, लग्नसराई, किल्ला, फराळ, आयपीएल, लोकलचा मेगाब्लॉक. मग डावीकडचा एक शब्द उजवीकडच्या एकेकाशी जुळवत जायचे. चारशे जोड्या होतात. साडेतीनशेहून अधिक टाकाऊ असतात, पाच-सहा बऱ्या निघतात, त्यातली एखादी चालते. ही हमाली आहे आणि ती करावीच लागते. आदल्या वर्षीची यादी जपून ठेवली तर निम्मे काम वाचते, कारण राजकारणाचेही पंचांग ठरलेले आहे : १ फेब्रुवारीला केंद्राचा अर्थसंकल्प, पाठोपाठ राज्याचा आणि पालिकेचा, पावसाआधी नालेसफाई, दसऱ्याला मेळावे, डिसेंबरात नागपूरचे अधिवेशन.

उजवीकडच्या यादीतली वस्तू जुनी असली तरी बिघडत नाही; तिचा सगळ्यांनी पाहिलेला भाग घेतला की बिघडते. ठाण्यात दहीहंडी आणि राजकारण हे वेगळे सांगायलाच नको. थरावर थर आणि वर नेत्याच्या हाताला लागणारी सत्तेची हंडी, हे चित्र दर श्रावणात येते. पण हंडीची उंची थरांतला कोणीच ठरवत नाही, गच्चीवर दोर धरून उभा असलेला माणूस ठरवतो. जागावाटपाच्या बोलण्यांवर हे चित्र बसवा : धाकटा मित्रपक्ष धापा टाकत चार थर लावतो आणि गच्चीवरचा थोरला मित्र हसतमुखाने दोर आणखी वर ओढतो. वस्तू तीच, नजर दुसऱ्या टोकाला. कोणत्याही घटनेत मुख्य पात्राऐवजी बाजूच्या माणसाकडे बघण्याची सवय लावावी. बॅनर बांधणारा, नेत्याचा ड्रायव्हर, बंदोबस्तातला हवालदार, सभेनंतर खुर्च्या उचलणारा. आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन बोलत नसे, नुसता हजर असे; तो हजर असल्यामुळेच मोठ्या माणसांची बडबड ऐकू येई.

म्हणी आणि वाक्प्रचार शब्दशः काढणे हा आपल्याकडचा जुना आणि अजूनही जोरकस प्रकार. मेट्रोची मुदत पुढे गेल्याची बातमी घोडबंदर रस्त्याने किती वेळा वाचली आहे! दोन खांबांमध्ये दोरी, दोरीवर वाळत टाकलेले भलेमोठे घोंगडे, वरून धो धो पाऊस आणि घोंगड्यातून ठिबकणाऱ्या पाण्याखाली बसची रांग. मात्र दोन धोके आहेत. उपसंपादकाने मथळ्यातच ‘भिजत घोंगडे’ वापरले असेल तर चित्र शिळे होते. आणि विशीतल्या वाचकाला तो वाक्प्रचार ठाऊक नसेल तर त्याला कळतच नाही. म्हणून चित्र वाक्प्रचाराशिवायही उभे राहते का, हे पाहावे. वरच्या चित्रात रांगेतली माणसे भिजताहेत, एवढे तरी त्याला दिसेल. ‘तोंडाला पाने पुसणे’ किंवा ‘वाटाण्याच्या अक्षता’ काढून पाहा, वाक्प्रचार काढून घेतला की मागे काही राहत नाही. ते टाळलेले बरे.

हसू कोणावर येते, याची तपासणी बहुतेक जण करतच नाहीत. खड्ड्यात पडलेला दुचाकीस्वार तारे दाखवून, जीभ बाहेर काढून काढला तर वाचक त्याला हसतो आणि खड्डा ज्याच्या नावावर तो सुटतो. मृत्यूच्या बातमीत तर हा दोष अक्षम्य आहे. ९ जून २०२५ ला दिवा-मुंब्र्यादरम्यान लोकलमधून पडून प्रवासी गेले, त्या दिवशी चित्र न काढणे हेच योग्य होते. चित्राची वेळ आली ती लोकलना आपोआप बंद होणारे दरवाजे बसवण्याचा निर्णय जाहीर झाल्यावर. तिथे ‘पण’ होता : दार लागायला आधी माणसे आत मावली पाहिजेत. टेप घेऊन दाराची चौकट काळजीपूर्वक मोजणारा अधिकारी आणि त्याच्या पाठीमागे चौकटीबाहेर ओथंबलेली गर्दी, जिच्याकडे त्याची पाठ आहे. पडणारा माणूस कुठेही नाही. गर्दीतल्या चेहऱ्यांना गमतीदार नाके काढायची नाहीत. सगळे अर्कचित्रण, म्हणजे फुगवून काढणे, त्या अधिकाऱ्याच्या टेपवर आणि एकाग्रतेवर खर्च करावे.

कच्चे चित्र झाले की ते अशा माणसाला दाखवावे ज्याने ती बातमी वरवर वाचली आहे, आणि तोंडातून अवाक्षर काढू नये. पाच सेकंदांनी कागद उलटा करून दोनच प्रश्न : काय म्हटले आहे आणि कोणाला म्हटले आहे? पहिल्याचे उत्तर चुकले तर चित्र अस्पष्ट आहे, ते दुरुस्त होते. दुसऱ्याचे चुकले तर कल्पनाच वाकडी आहे, नवी शोधावी. समजावून सांगायची वेळ आली की हरलोच. वर्तमानपत्राबरोबर आपण घरोघरी जाणार नसतो.

लेबलांचे सांगायचे तर दोनपर्यंत ठीक, तीन म्हणजे कडेलोट. बैलावर ‘जनता’, गाडीवर ‘महागाई’, चाबकावर ‘कर’, रस्त्यावर ‘विकास’ असे लिहावे लागते तेव्हा ते व्यंगचित्र नसून तक्ता असतो. स्थानिक नगरसेवकाचा चेहरा प्रभागाबाहेर कोणी ओळखत नाही, त्यामुळे तो हुबेहूब काढण्यात वेळ घालवू नये. पद दिसेल अशी खूण द्यावी : दारावरची पाटी, गाडी, गळ्यातला हार. संवाद असेल तर आधी बोलणारा डावीकडे आणि किंचित वर. उत्तर देणारा डावीकडे पडला तर वाचक उत्तर आधी वाचतो आणि विनोद तिथेच मरतो. ओळ बारा शब्दांच्या आत असावी आणि कलाटणी देणारा शब्द शेवटी. त्याच्या पुढे ‘असे ते म्हणाले’ किंवा तीन उद्गारचिन्हे आली की धार जाते.

छपाईची बाजू थोडक्यात. छापायच्या आकाराच्या दीडपट ते दुप्पट मोठे काढावे, त्याहून मोठे नको, कारण लहान करताना बारीक रेघा एकमेकींत मिसळतात. वर्तमानपत्री कागदावर शाई पसरते, म्हणून दाट जाळीदार छटा काळा डाग होऊन बसते. पाठवण्याआधी चित्र मोबाइलच्या पडद्यावर बोटभर रुंदीचे करून अक्षरे वाचता येतात का पाहावे. हल्ली काही जण यंत्राकडून चित्र तयार करून घेतात. त्यातली जोडाक्षरे अनेकदा मोडकी असतात हा दोष लहान. मोठा दोष हा, की यंत्र आजवरच्या हजारो चित्रांची सरासरी काढून पुन्हा तीच खुर्ची पुढे करते.

वेळेचे गणितही लक्षात ठेवायला हवे. निकाल, मतदान किंवा राजीनामा संध्याकाळपर्यंत फिरू शकतो. चित्र दुपारी दिले आणि रात्री राजीनामा मागे घेतला तर सकाळी फजिती. अशा दिवशी घटनेच्या शेवटावर नव्हे, तिच्या रेंगाळण्यावर चित्र काढावे. ते दोन्हीकडून खरे राहते. पाणी, खड्डे, शाळाप्रवेश, कांदा यांवरच्या चार-पाच बारमाही कल्पना वहीत तयार असाव्यात, त्या सुटीच्या दिवशी उपयोगी पडतात.

कायद्याबद्दल भीती घालायची नाही, पण माहिती हवी. बदनामीचे कलम आता भारतीय न्याय संहितेत ३५६ वे आहे. राष्ट्रध्वज आणि राजमुद्रा यांसाठी स्वतंत्र कायदे आहेत, तेव्हा सिंहांच्या जागी लांडगे काढण्याची हौस ज्येष्ठ संपादकाला विचारून भागवावी. बदनामीचे खटले ठाण्याला नवे नाहीत. इथूनच निघणाऱ्या ‘हिंदू पंच’ या उपहासाच्या साप्ताहिकावर गोपाळ कृष्ण गोखले यांनी बदनामीची फिर्याद केली होती. टीका पदावर आणि कृतीवर करावी. नेत्याची जात, आजार, शरीराचे व्यंग आणि घरातली बाईमाणसे यांना हात लावू नये. कायदा हे त्याचे एक कारण. दुसरे असे, की तसे चित्र लगेच हसवते आणि मुद्द्याला मारते.

आता आपल्याकडे तीन विनंत्या. चित्राबरोबर बातमीचे एक वाक्य आणि ‘पण’चे दुसरे वाक्य लिहून मागवा, निम्मी खुर्ची-मगर-सरडा मंडळी तिथेच गळतील. छापताना वर स्वतःचा मथळा देऊ नका. मध्यंतरी एका चांगल्या विनाशब्द चित्रावर मथळ्यातच उलगडा छापला गेला आणि बघण्यासारखे काही उरले नाही. आणि जागा कमी पडली तर चित्र कडेने कापू नका, सरळ पुढच्या आठवड्याला ठेवा. पट्टीवरची १०० ची खूण कापली गेली, तर नालेसफाईच्या त्या चित्रात फक्त पोहायला उतरलेला माणूस शिल्लक राहील.

आपला,
एक व्यंगचित्रकार वाचक
चरई, ठाणे (पश्चिम)